लीदोंगची रजा

सात नोव्हेंबरच्या सकाळी मृणालिनी शेतावर पोचली, तेव्हा धुकं इतकं दाट होतं की फाटकापाशीची खजुराची झाडं नुसत्या सावल्यांसारखी दिसत होती. अमिरातीतल्या रास अल खैमात डोंगराच्या पायथ्याशी हिवाळ्याच्या तोंडावर असं धुकं पडतंच. त्याचं तिला नवल नव्हतं. नवल वाटलं ते तीन नंबरच्या शेडनेटमध्ये शिरल्यावर. चिनी कोबीच्या बारा ओळींपैकी पहिली ओळ बांधलेली होती. एकेका गड्ड्याची बाहेरची पानं वर गोळा करून भिजवलेल्या खजुराच्या पातीने आवळलेली, आणि पातीचं टोक दोनदा पिळून आत खोचलेलं.

ती गाठ तिच्या ओळखीची होती. ती घालणारा माणूस फेब्रुवारीत वारला होता.

त्याचं नाव गुओ. चीनच्या उत्तरेकडच्या शानदोंग प्रांतातला, जन्मभर कोबी लावलेला माणूस. दुबईतल्या चिनी हॉटेलांना ताजी भाजी पुरवायची म्हणून कंपनीने बारा वर्षांपूर्वी त्याला इथे आणलं. मृणालिनी नंतर आली, फार्म मॅनेजर म्हणून. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाची पदवी, हातात टॅब्लेट, आणि प्रत्येक वाफ्याला किती पाणी, किती खत याचे तक्ते. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की आपला तक्ता चुकतो आणि गुओचं बोट चुकत नाही. तो मातीत बोट घालायचा, जरा थांबायचा आणि म्हणायचा, "पानी कल."

पॅकिंग शेडच्या भिंतीवर त्याचं कॅलेंडर होतं. त्यात वर्षाचे चोवीस तुकडे. एक तुकडा दवाचा, एक उष्म्याचा, एक छोट्या बर्फाचा. तिने एकदा त्याला सांगितलं की आमच्याकडेही शेतकरी महिन्यांवर जात नाहीत, नक्षत्रांवर जातात. मृग, आर्द्रा करत करत दिवाळीच्या सुमारास स्वाती. माझे वडील म्हणायचे, पडतील स्वाती तर पिकतील मोती.

"स्वाती के बाद?" गुओने विचारलं होतं.

"विशाखा. सहा-सात नोव्हेंबरपासून."

तो खूश झाला. कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाला, "सेम डे. लीदोंग."

लीदोंग म्हणजे हिवाळा लागला. त्याच्या गावात त्या दिवसांत कोबीचे गड्डे बांधायचे, म्हणजे आतला गाभा थंडीपासून वाचतो. पुढे पंधरा दिवसांनी छोटा बर्फ. त्याच्या आत कोबी कापून खड्ड्यात उतरवायचाच. राहिला तर गोठून काळा पडतो. आणि एकदा कोबी आत गेला की शेत मिटलं. माणसं दारं लावून शेगडीशी बसतात, पीठ मळतात, घरातली घरात असतात. इथे सगळं उलटं. इथे उन्हाळा शेताला मारतो आणि नोव्हेंबरात ते उठून बसतं. रोपं, ठिबक, फवारणी, तोडणी, ट्रक. कुणाला मान वर करायला फुरसत नसते. म्हणून रजा मिळायची ती जुलैत. गुओ दर दोन वर्षांनी जुलैत घरी जायचा, तिकडच्याही उकाड्यात महिनाभर राहायचा आणि परत यायचा.

"मॅडम," एकदा तो म्हणाला होता, "घर में लीदोंग, काम खलास. इधर लीदोंग, काम चालू. ग्यारह साल. मेरा सर्दी किधर गया?"

मृणालिनी हसली होती. हे तिला आता आठवलं. त्या बांधलेल्या ओळीपुढे उभी असताना आपण तेव्हा हसलो होतो, हे आधी आठवलं.

तिने कमरुद्दीनला बोलावलं. कमरुद्दीन शेतावरचा मुकादम, बांगलादेशातल्या सिल्हेटचा, गुओच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेला.

"ये किसने बांधा?"

त्याने ओळीकडे पाहिलं आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, "हम लोगों ने नहीं, मॅडम."

"तो फिर?"

"गुओ भाई लीदोंग में बांधते थे," तो म्हणाला.

कुणाला तरी त्याची आठवण आली असेल आणि कबूल करायचा संकोच वाटत असेल, असं ती धरून चालली. इथे कोबी बांधायची गरज नव्हती; गुओ तो नुसत्या सवयीने बांधायचा. या जमिनीवर थर्मामीटर कधी दहाच्या खाली उतरत नाही. तिने सगळ्या पाती सोडायला लावल्या. माणसांनी सोडल्या, पण एकेक गाठ अशी हळू सोडत होते की तिलाच अवघडल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दोन ओळी बांधलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तीन. आणि त्या दिवशी तिला जाणवलं की तीन नंबरच्या शेडनेटमध्ये आपल्या तोंडातून वाफ निघते आहे.

तिने मोबाइलवर सेन्सर बघितला. चार अंश. बाहेर एकोणीस होते. सुजीत नावाचा टेक्निशियन आला, सेन्सर बदलून गेला. नव्या सेन्सरने तीन दाखवले. सुजीत जाताना जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून म्हणाला, "वायरिंगचा प्रॉब्लेम असणार, मॅडम." पण त्याचे हात खिशात होते.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. विजयकुमार सिरॅमिकच्या कारखान्यात भट्ट्या सांभाळायचा. उष्णता कुठून येते आणि कुठे जाते हे त्याचं रोजचं काम. तो म्हणाला, "डोंगरावरून थंड हवा उतरून एखाद्या खळग्यात साचते, मृणाल. तसं काहीतरी असेल."

"आणि गाठी?"

"मजूर."

"मजुरांना मी ओळखते रे."

मिहिका, त्यांची पंधरा वर्षांची लेक, मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "आई, यू आर बीइंग सो क्रीपी. जस्ट पुट अ कॅमेरा."

तिने कॅमेराही लावून पाहिला. पहाटेच्या तीन तासांत त्यात पांढऱ्या धुक्याशिवाय काही आलं नाही. धुकं विरलं तेव्हा चौथी ओळ बांधलेली होती.

मग ती एका पहाटे स्वतःच जाऊन उभी राहिली. मशिदीतली बांग होऊन गेली होती, उजाडायला लागलं होतं. आत पाऊल टाकताच गार हवा पायांशी लोळत आली, पुण्यात डिसेंबरात फरशीवरून येते तशी. ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज येत होता. ओली झावळी बोटांनी उभी चिरताना होतो तो. चर्र. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा चर्र.

ती ओळीतून चालत निघाली. आवाज तिच्यापुढे तेवढ्याच अंतरावर सरकत राहिला. ती थांबली की तो थांबत नव्हता. त्याला घाई नव्हती आणि विसावाही नव्हता. दिवसाचं ठरलेलं काम उरकणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. ती टोकाला पोचली तेव्हा तो बंद झाला. जाळीपाशी कुणी नव्हतं. शेवटच्या गड्ड्याला बांधलेल्या पातीतून पाणी टपकत होतं. तिने हात लावला, तर पात बर्फासारखी गार.

"गुओ," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली की मनात, हे तिला नंतर सांगता येईना. उत्तर आलं नाही. पण आपण बोललो ते ऐकलं गेलं, असं तिला वाटलं, आणि ती मागे वळून न बघता बाहेर आली.

ऑफिसात बसून तिने खालचा ड्रॉवर उघडला. काय आहे ते तिला माहीत होतं. नऊ महिने तिने तो उघडला नव्हता. गुओचा रजेचा अर्ज. गेल्या वर्षी लीदोंगलाच त्याने आणून दिला होता, इंग्रजीत, कमरुद्दीनकडून भरून घेऊन. बायकोचे गुडघे गेले आहेत, एक हिवाळा घरी काढायचा आहे. त्याच्या आदल्या वर्षीही त्याने विचारलं होतं, तेव्हा ती "पुढच्या वर्षी" म्हणाली होती. या खेपेला तिने अर्ज घेतला आणि म्हटलं, "गुओ, ये सीझन निकालो. नेक्स्ट लीदोंग पक्का. इन्शाल्ला."

इथे सगळे म्हणतात तसं म्हणाली. पाण्याची टाकी उद्या येईल का, इन्शाल्ला. व्हिसाचं काम होईल का, इन्शाल्ला. समोरचा दारातून बाहेर जावा, एवढाच त्याचा अर्थ असतो पुष्कळदा. गुओने मान डोलावली आणि तो कोबीकडे गेला. फेब्रुवारीत एका सकाळी तो खोलीतून बाहेर आला नाही. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. जी सही तिने अर्जावर केली नव्हती, ती त्याच्या शवपेटीच्या कागदांवर सहा ठिकाणी केली.

गुओच्या मुलीचा नंबर कागदपत्रांत होता. शिन तिचं नाव, तिकडे शाळेत इंग्रजी शिकवायची. मृणालिनीने दुपारी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आधी तब्येतीची विचारपूस केली, आईचे गुडघे विचारले, आणि मग एकदम म्हणाली, "तुझे बाबा गेल्या वर्षी रजेबद्दल काही बोलले होते का घरी?"

"बोलले होते," शिन इंग्रजीतून म्हणाली. "पुढच्या लीदोंगला सुट्टी मिळाली, म्हणाले. मॅडमनी वचन दिलंय. कोबी बांधून झाला, कापून झाला, की मॅडम मला सोडतील. आईने त्यांची रजई नवीन कापसाने भरून घेतली."

मृणालिनीने समोरचा अर्ज टेबलावर पालथा घातला.

"आई रोज म्हणते, ते अजून घरी आले नाहीत," शिन सांगत होती. "आम्ही पुरलं त्यांना, मॅडम. मी स्वतः माती टाकली. पण आई ऐकत नाही. म्हणते, पेटी आली, माणूस आला नाही. तो तिकडे कामावर आहे."

"ते कामावर आहेत," मृणालिनी म्हणाली.

शिनने तिला वेड्यात काढलं नाही. काय दिसतं ते एकेक करून विचारून घेतलं. किती ओळी झाल्या, गाठ कशी आहे. मग म्हणाली, "वीस तारखेला आमच्या चांद्र पंचांगाचा दहावा महिना लागतो. त्या दिवशी गेलेल्यांना गरम कपडे पाठवतात. कागदाचे कापायचे, आत थोडा कापूस घालायचा आणि जाळायचे. आई इथे जाळणार आहे. पण माणूस तिथे असेल तर कपडे इथे जाळून काय उपयोग? आणि बाविसाव्या तारखेला छोटा बर्फ. त्याच्या आत कोबी कापला नाही तर त्यांचं काम राहील. काम टाकून ते निघायचे नाहीत. मी ओळखते त्यांना."

त्या संध्याकाळी मृणालिनीने दुबईच्या ऑफिसला, नीलेशला फोन केला. नीलेश विक्री बघायचा. मूळचा ठाण्याचा, बोलायला गोड, पण तारखांच्या बाबतीत एकदम कडक.

"तीन नंबरचा कोबी मी वीसला कापतेय."

"अगं, ऑर्डर पाच डिसेंबरची आहे. गड्डे भरले तरी आहेत का?"

"पाऊण भरलेत. कोल्ड रूममध्ये राहतील."

"कारण काय लिहू?"

"कडाक्याची थंडी," ती म्हणाली. "फ्रॉस्ट."

नीलेश हसला. मग ती हसत नाहीये हे कळून थांबला. "मृणालिनी, तू एमिरेट्समध्ये आहेस. हे अंगावर येईल तुझ्या."

"येऊ दे."

तिने गाठी सोडायला लावणं बंद केलं. रोज एक ओळ वाढत गेली. माणसं तीन नंबरात जाताना डोक्याला मफलर बांधून जात आणि आत हळू आवाजात बोलत. अठरा तारखेला बारावी ओळ बांधून झाली. एकोणीसच्या सकाळी चर्र असा आवाज आला नाही. थंडी मात्र तशीच होती, किंबहुना जास्त. काम संपवून कुणी हात बगलेत घालून उभं असावं, तसं सगळं शेडनेट उभं होतं.

वीसला उजाडताच तिने सगळी माणसं तीन नंबरात घातली आणि स्वतः कोयती घेऊन पहिल्या ओळीत बसली. मुळापाशी एक वार, गड्डा उलटा, क्रेटमध्ये. पाती सोडल्या नाहीत; बांधलेला कोबी बांधलेलाच आत गेला. दुपारपर्यंत आठ ओळी झाल्या. जेवणाच्या सुट्टीत तिने ऑफिसात बसून पॅकिंगच्या खाकी कागदाचा अंगरखा कापला. शिनने व्हिडिओवर दाखवला तसा, बाह्या लांब, गळा उभा. रोपवाटिकेतला कापूस आत भरून कडा डिंकाने चिकटवल्या. पायजमा कापला. टोपी मात्र तिला नीट जमली नाही.

कमरुद्दीन दारात येऊन बघत होता. तो म्हणाला, "मॅडम, हमारे में ये नहीं होता. मैं दुआ करूंगा, बस."

"तू दुआ कर. वो भी चाहिए," ती म्हणाली.

ऊन कलल्यावर दोघं शेडनेटबाहेरच्या मोकळ्या वाळूत आली. तिने पत्र्याच्या डब्यात कपडे ठेवले. मग अर्ज काढला. 'मंजूर' या रकान्यात खूण केली, सही केली, तारीख घातली. पासून, आजपासून. पर्यंत, हा रकाना कोरा ठेवला. सहीखाली पुन्हा एकदा स्वच्छ अक्षरात मृणालिनी असं लिहिलं, अर्ज कपड्यांवर ठेवला आणि काडी लावली.

कागद पेटायला वेळ लागला. ओल धरल्यासारखे नुसतेच धुमसत राहिले. कमरुद्दीन बाजूला तळवे पसरून ओठ हलवत उभा होता. मृणालिनीला येत होती ती मयताच्या घरी बोलायची आपली वाक्यं, आणि ती त्याला लागू पडत नव्हती. शेवटी ती रोजच्या हिंदीत म्हणाली, "गुओ भाई, कोबी कट रहा है. मैंने गलत किया था. आप घर जाओ."

ज्योत एकदम वर आली. वारा नव्हता. कपडे, टोपी, अर्ज, सगळं एका दमात जळालं आणि काळ्या पातळ पापुद्र्यांचा झोत सरळ उभा चढत गेला, डोंगराच्या कडेशी दिसेनासा होईतो. तिच्या गालाला जी झळ लागली, ती मात्र आगीची नव्हती. कुणी जवळून जाताना लागावा तसा तो गार वारा होता.

कमरुद्दीनने तळवे तोंडावरून फिरवले. तोही तिच्यासारखाच डोंगराकडे बघत होता.

आठ ओळी झाल्या होत्या, त्यानंतर अंधार पडेतो आणखी तीन झाल्या. बारावी राहिली. माणसं थकली होती. उद्या सकाळी पहिलं काम तेच, असं ठरवून सगळे गेले.

सकाळी धुकं नव्हतं. सेन्सरवर अठरा अंश होते, बाहेरही अठरा. आत शिरल्यावर मृणालिनीला पहिल्यांदाच माती आणि खताचा साधा उबदार वास आला. बाराव्या ओळीतले सगळे गड्डे काळे पडले होते. पानं काचेसारखी पारदर्शक होऊन मग वितळली होती, पात नुसत्या लगद्याला आवळून बसली होती. त्या ओळीला लागून असलेल्या मुळ्याच्या पानाला साधा डाग नव्हता.

ती कमरुद्दीनकडे वळली. तिच्या टेबलावर गेले दोन महिने त्याचाही एक अर्ज पडून होता, धाकट्या बहिणीच्या लग्नाचा. तिने त्याला कसलंही कारण सांगितलं नाही. म्हणाली, "बहन के निकाह वाला छुट्टी. कब से चाहिए?"

"मॅडम, सीझन है," तो म्हणाला.

"कब से?"

"एक तारीख से."

"यल्ला, जा. टिकट कर."

शिनचा मेसेज तेविसाव्या तारखेला आला. गावात पहाटे बर्फ भुरभुरला होता. आईला झोप लागली, एवढंच तिने लिहिलं होतं. नवी रजई पायाशी घेऊन झोपली आहे. बाबा आले का, हे मृणालिनीने विचारलं नाही आणि शिनने सांगितलं नाही.

नीलेश सोमवारी दुबईहून आला, तो चिडूनच. बारावी ओळ बघितल्यावर त्याची चीड कुठल्या कुठे गेली. खाली बसून त्याने एक गड्डा बोटाने दाबला, बोट पॅन्टला पुसलं, फोटो काढले, नमुना पिशवीत घालून लॅबला नेला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. गोठल्याने झालेली इजा, असं त्यात छापलेलं होतं.

"मी काय लिहू, मृणालिनी?" त्याने फोनवर विचारलं. "कारणाच्या रकान्यात?"

"तुला पटेल ते लिही."

"तुला काय वाटतं?"

तीन नंबरचं शेडनेट नांगरून झालं होतं आणि पालकाच्या रोपांचे ट्रे दाराशी येऊन पडले होते. कमरुद्दीन सुट्टीवर, दोन माणसं कमी. तिने फोन ठेवला, चपला बाहेर काढल्या आणि पहिल्या वाफ्याशी उकिडवी बसून मातीत बोट घातलं.